दोन भाषांच्या घरातला पुढारी

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत फॉर्म तपासायला बसलो की 'मातृभाषा' या रकान्यापाशी हमखास कोणीतरी अडते. "सर, आईची मराठी आणि अप्पांची कन्नड. दोन्ही लिहू का?" असे विचारणारी मुले आपल्या भागात प्रत्येक वर्गात दोन-चार तरी निघतात. एकीकडे आजी, दुसरीकडे अज्जी. रकाना मात्र एकच. "एक काहीतरी लिही बाळ," असे म्हणून आम्ही पुढचा फॉर्म हातात घेतो.

आपल्याकडे त्या रकान्यावाचून सहसा कोणाचे अडत नाही. पण उत्तर इटलीत एक प्रांत असा आहे, की तिथे आपला भाषागट जाहीर केल्याशिवाय सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येत नाही आणि निवडणुकीलाही उभे राहता येत नाही. ही व्यवस्था ज्या माणसाच्या कारकिर्दीत, आणि बऱ्याच अंशी त्याच्याच चिकाटीमुळे उभी राहिली, तो स्वतः दोन भाषांच्या घरात जन्मलेला होता. त्याचे नाव सिल्वियस मान्यागो. कायद्याचा पदवीधर, अठ्ठावीस वर्षे प्रांताचा प्रमुख आणि चौतीस वर्षे पक्षाचा अध्यक्ष. बी.ए.च्या 'आधुनिक युरोप'च्या पेपरात मुसोलिनी असतो, हा माणूस नसतो. दोन भाषा जगणाऱ्या आपल्या घरांना मात्र मुसोलिनीपेक्षा याचीच गोष्ट जवळची वाटेल.

मान्यागो यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1914 रोजी मेरान गावात झाला. गाव आल्प्सच्या कुशीत, तिरोल प्रदेशात, आणि तिरोल तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात. वडील न्यायाधीश. ते मूळचे दक्षिणेकडच्या रोवेरेतोचे, म्हणजे इटालियन भाषिक मुलुखातले. आई ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाच्या फोरार्लबर्गची, जर्मन बोलणारी. आडनाव वडिलांकडून आलेले, ऐकताच इटालियन वाटणारे. मुलगा दोन्ही भाषांत वाढला, पण स्वतःला जर्मन भाषिकच मानत राहिला.

तो पाच वर्षांचा असताना घर जागेवरच राहिले आणि देश बदलला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया हरला आणि 1919 च्या सेंट जर्मेनच्या तहाने ब्रेनर खिंडीपर्यंतचा तिरोल इटलीला मिळाला. त्या दक्षिण तिरोलात 1910 च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे 89 टक्के लोक जर्मन बोलणारे होते आणि इटालियन बोलणारे तीन टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांत लादिन नावाची जुनी डोंगरी भाषा बोलणारेही होते. त्यांच्याकडे पुढे वळू.

मुसोलिनीची सत्ता आली आणि 1923 पासून जर्मन शाळा एकेका इयत्तेने बंद होत गेल्या. कचेरी, न्यायालय, दुकानाची पाटी, सगळे इटालियन. एत्तोरे तोलोमेई नावाच्या गृहस्थाने तर गावे, ओढे, डोंगर यांच्या हजारो नावांची इटालियन रूपे आधीच तयार करून ठेवली होती. त्यांतली काही खरोखरच जुनी होती, बरीचशी त्याने बसल्या बसल्या घडवलेली. हा तोलोमेईसुद्धा रोवेरेतोचाच! आईबाप रात्री तळघरात, शेतघरात मुलांना चोरून जर्मन अक्षरे शिकवू लागले. 'भुयारी शाळा' या नावाने त्या शाळा आजही ओळखल्या जातात. शिकवताना सापडलेल्या शिक्षकांना तुरुंग किंवा हद्दपारी. बोल्झानो शहरात, ज्याला जर्मन लोक बोझेन म्हणतात, 1930 नंतर कारखान्यांची मोठी वसाहत उभी केली आणि दक्षिणेकडून इटालियन कामगार आणून वसवले. ते बिचारे पोटासाठी आले होते. सरकारचा हेतू वेगळा होता.

मग 1939 साल उजाडले. हिटलर आणि मुसोलिनी यांनी आपसांत ठरवले, की दक्षिण तिरोलच्या जर्मन भाषिकांनी एक काय ते निवडावे: जर्मनीचे नागरिकत्व घेऊन घरदार सोडून जायचे, नाहीतर इटलीत राहून आपल्या भाषेवर पाणी सोडायचे. मुदत वर्षअखेरपर्यंत. सुमारे 86 टक्के लोकांनी जर्मनीच्या बाजूने सही केली. पुढे युद्ध पेटल्यामुळे प्रत्यक्षात पाऊण लाखाच्या आसपासच गेले. पण त्या सहीने घरे फोडली. राहणारे भाऊ आणि जाणारे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, 'गद्दार' हा शब्द दोन्हीकडून वापरला गेला. आपल्याकडे फाळणीची गोष्ट ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे त्यांना याचे फार स्पष्टीकरण नको.

मान्यागो तेव्हा बोलोन्याच्या विद्यापीठात कायदा शिकत होते. त्यांनीही जर्मनीच्या बाजूनेच सही केली. 1940 मध्ये पदवी मिळाली आणि पुढे जर्मन सैन्यात भरती व्हावे लागले. 1943 च्या अखेरीस युक्रेनमधल्या निकोपोलजवळ ते जबर जखमी झाले आणि एक पाय गमावून बसले. तेव्हापासून उंच, काटकुळा देह आणि काखेत कुबड्या हीच त्यांची ओळख झाली. त्या काळातली त्यांची निवड गौरवाने सांगावी अशी नाही आणि मी ती झाकूनही ठेवत नाही. त्या पिढीतल्या फार थोड्या माणसांना स्वच्छ पर्याय मिळाला.

युद्धानंतर ऑस्ट्रियाला तिरोल परत मिळाला नाही. 5 सप्टेंबर 1946 रोजी पॅरिसमध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ग्रुबर आणि इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी यांनी एक छोटासा करार केला. जर्मन भाषिकांना आपल्या भाषेत शाळा, कारभारात बरोबरीचे स्थान आणि स्वायत्तता मिळेल असे त्यात होते. गंमत म्हणजे हा करार लिहिला इंग्रजीत. दे गास्पेरी हे त्रेंतोकडचे, ऑस्ट्रियाच्या राज्यात वाढलेले, एकेकाळी व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले. तरीही 1948 मध्ये स्वायत्तता प्रत्यक्षात आली तेव्हा त्यांनी एक खुबी केली. जर्मन भाषिक बोल्झानो प्रांत आणि इटालियन भाषिक त्रेंतो प्रांत यांचा एकच प्रदेश बांधला आणि महत्त्वाचे अधिकार त्या प्रदेशाला दिले. बोल्झानो प्रांतात बहुमतात असलेले जर्मन त्या मोठ्या प्रदेशात अल्पमतात गेले. कागदावर स्वायत्तता, मतमोजणीत पराभव. सीमारेषा कुठून ओढली यावर बहुसंख्य कोण हे ठरते, ही गोष्ट आपल्या भागातल्या वाचकाला शिकवायला नको.

मान्यागो याच वर्षी राजकारणात शिरले आणि बोल्झानोचे उपमहापौर झाले. पक्ष होता दक्षिण तिरोल लोकपक्ष, युद्ध संपले त्याच दिवशी म्हणजे 8 मे 1945 रोजी स्थापन झालेला. 1957 मध्ये ते या पक्षाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी त्यांची खरी परीक्षा झाली.

झाले असे, की रोमच्या सरकारने बोल्झानोत पाच हजार घरे बांधण्याचा कार्यक्रम जाहीर केला. ऐकायला चांगली गोष्ट, पण ती घरे कोणासाठी, हे शहरातल्या जर्मन भाषिकांना न सांगता कळले. पक्षाने निषेध सभा बोलावली. शहरात परवानगी मिळाली नाही, तेव्हा ती शहराबाहेर सिगमुंड्सक्रोनच्या पडक्या किल्ल्यात ठरली. 17 नोव्हेंबर 1957, रविवार. पस्तीस हजार माणसे जमली. तेवढ्याशा प्रांतातून एवढी माणसे म्हणजे जवळपास प्रत्येक गावातून कोणी ना कोणी आले असणार. तरुण पोरे तापलेली, 'चला बोझेनवर' म्हणून उठायला तयार. मान्यागो कुबड्यांवर उभे राहिले. मोर्चा शहरात जाणार नाही असा शब्द त्यांनी अधिकाऱ्यांना दिला होता. एकीकडे त्यांनी 'त्रेंतोपासून मोकळे व्हा' ही घोषणा दिली, म्हणजे ऑस्ट्रियात परत जाण्याची मागणी बाजूला ठेवून इटलीतच पण स्वतःच्या प्रांताला स्वायत्तता मागितली. दुसरीकडे, मी दिलेला शब्द तुम्ही पाळा, असे लोकांना सांगितले. लोक शांतपणे घरी गेले.

मला त्यांच्या कारकिर्दीतला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. सभा पेटवणारे पुढारी आपण पुष्कळ पाहिले. पेटलेली सभा घरी पाठवणारा आणि तरीही पुढच्या निवडणुकीत टिकणारा क्वचितच दिसतो.

सगळेच काही ऐकणारे नव्हते. 1961 च्या जून महिन्यात, 11 तारखेच्या रात्री, एका गुप्त संघटनेने प्रांतभर विजेचे डझनावारी मनोरे स्फोटाने पाडले. दुसऱ्या दिवशी न फुटलेला स्फोटक काढताना रस्त्यावरचा एक साधा कामगार मेला. मग धरपकड, कोठडीत मारझोड, आणखी स्फोट, आणखी मृत्यू. मान्यागो यांनी हा मार्ग नाकारला. या स्फोटांमुळे रोम जागे झाले की उलट तडजोड लांबली, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. एवढे खरे, की मधल्या काळात ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ब्रुनो क्रायस्की यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला होता, आणि 1960 मध्ये महासभेने दोन्ही देशांना वाटाघाटी करायला सांगितले होते. त्यामुळे 'हा आमचा घरगुती मामला' असे रोमला म्हणता येईना.

1961 च्या सप्टेंबरात इटलीने एकोणीस जणांची समिती नेमली: अकरा इटालियन, सात जर्मन, एक लादिन. समितीचे काम 1964 पर्यंत चालले, त्यानंतरही पाच वर्षे घासाघीस. मान्यागो 1960 च्या अखेरीपासून प्रांताचे प्रमुख होते. समोर बहुतेक काळ पंतप्रधान आल्दो मोरो, तेही कायद्याचे प्राध्यापक. बोलोन्यात शिकलेला हा जर्मन भाषिक कायदेपंडित इटालियन मंत्र्यांशी त्यांच्याच कायद्याच्या भाषेत, त्यांच्याइतक्याच सफाईने भांडत असे. रोवेरेतोच्या वडिलांची भाषा आणि बोलोन्याची पदवी इथे उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही. एकेका कलमावर, एकेका शब्दावर तासन्‌तास. अखेर 137 उपायांचे एक गाठोडे तयार झाले. तिथले लोक त्याला नुसते 'पॅकेज' म्हणतात.

आता ते आपल्याच पक्षाच्या गळी उतरवायचे होते. 22 नोव्हेंबर 1969 रोजी मेरानमध्ये, म्हणजे मान्यागो यांच्या जन्मगावीच, पक्षाचे हजारावर प्रतिनिधी जमले. चर्चा दिवसभर चालली, रात्र झाली, मध्यरात्र उलटली. विरोधात पेटर ब्रुगर आणि आल्फोन्स बेनेडिक्टर यांच्यासारखे वजनदार सहकारी. रोमवर विश्वास ठेवून आपण फसू, एवढ्यावर समाधान मानू नये, असे त्यांचे म्हणणे. 1946 चा अनुभव पाहता ते चूक होते असे कोण म्हणेल? 23 तारखेच्या पहाटेच्या सुमारास निकाल लागला. बावन्न टक्क्यांच्या थोडी वर मते बाजूने पडली. एवढ्याशा फरकाने एका प्रांताचे भवितव्य ठरले. आणि नंतरची गोष्ट अधिक चांगली आहे: पक्ष फुटला नाही. बेनेडिक्टर तर पुढची अनेक वर्षे त्याच करारातले एकेक कलम रोमकडून अंमलात आणवून घेण्यासाठी झटले.

20 जानेवारी 1972 पासून नवी व्यवस्था लागू झाली. बहुतेक अधिकार प्रदेशाकडून प्रांताकडे आले. ती चालते कशी, हे आपल्या वाचकांनी नीट पाहावे असे आहे.

पहिली गोष्ट शाळा. जर्मन शाळा, इटालियन शाळा वेगळ्या. प्रत्येक शाळेतला शिक्षक त्या भाषेचा मातृभाषिकच असला पाहिजे, आणि दुसरी भाषा लहानपणापासून सक्तीची, तीही त्या भाषेच्या मातृभाषिक शिक्षकाकडूनच. मूल कोणत्या शाळेत घालायचे ते आईबापांनी ठरवायचे. आपल्या घटनेतही 350 अ हे कलम 1956 मध्ये आले, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून. पण आपले कलम राज्यांना 'प्रयत्न करा' म्हणते. तिथे शिक्षकाची मातृभाषासुद्धा कायद्यात लिहून घेतली आहे. ही वकिली नजर.

दुसरी गोष्ट नोकऱ्या. पोस्ट, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांत पूर्वी जर्मन भाषिक फारच थोडे होते. 1976 च्या नियमांनी जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या, पोलीस आणि लष्कर वगळून. शिवाय प्रत्येक उमेदवाराला, मग तो जर्मन असो की इटालियन, दोन्ही भाषांची परीक्षा पास व्हावी लागते. शिपायाची परीक्षा वेगळ्या पातळीची, डॉक्टरची वेगळ्या. दवाखान्यात गेलेल्या म्हातारीने आपल्या भाषेत दुखणे सांगावे आणि समोरच्याला ते समजावे, हा तिचा हक्क. नाहीतर कचेरीतला कागद एका भाषेत आणि घरातले बोलणे दुसऱ्या भाषेत, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहेच.

इथे कोणाच्याही मनात आपला सीमाप्रश्न येईल. तिथला वाद दोन देशांमधला होता आणि त्यामागे आंतरराष्ट्रीय करार होता. आपला प्रश्न एकाच देशातल्या दोन राज्यांमधला, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला. तुलना ओढून आणण्यात अर्थ नाही. मला बोलायचे आहे ते घरांविषयी.

कारण तिसरी गोष्ट तीच. जागा प्रमाणात वाटायच्या तर कोण किती हे मोजायला हवे. म्हणून 1981 च्या जनगणनेपासून प्रत्येकाने सही करून आपला गट सांगायचा: जर्मन, इटालियन की लादिन. आई जर्मन, वडील इटालियन असतील तर? एक निवडा. म्हणजे 1939 मध्ये एक सही, 1981 मध्ये पुन्हा एक सही. आता कोणी देशाबाहेर घालवत नव्हते हे खरे. पण ज्यांच्या घरात त्या पहिल्या सहीच्या जखमा होत्या त्यांना दचकायला एवढे पुरे होते.

सही न करणाऱ्यांत सर्वांत ठळक नाव अलेक्झांडर लांगर. हाही कायदा शिकलेला, याच प्रांतात 1946 मध्ये जन्मलेला, पुढे युरोपीय संसदेत गेलेला. जर्मन भाषिक, पण दोन्ही भाषागटांना जोडणारी माणसे हवीत, त्यांना कोणत्याही एका खणात कोंबू नका, असे तो सांगत राहिला. 1995 मध्ये त्याला बोल्झानोच्या महापौरपदाची निवडणूक लढवायची होती. भाषागट जाहीर केलेला नाही म्हणून उमेदवारी नाकारली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने आयुष्य संपवले. त्यामागे इतरही दुःखे होती, बोस्नियातल्या युद्धाने तो खचला होता. एका कारणाला चिकटवून मोकळे होणे बरोबर नाही. पण दोन गटांत पूल बांधणारा माणूस त्या शहराच्या मतपत्रिकेवर येऊ शकला नाही, हे शिल्लक राहिलेच.

इटालियन भाषिकांनाही हे सगळे जाचू लागले होते. बोल्झानो शहरात तेच बहुसंख्य. नोकऱ्या आटल्या, जर्मन येत नाही म्हणून परीक्षेत नापास, अशा रागातून 1985 च्या नगरपालिका निवडणुकीत तिथे नवफॅसिस्ट पक्षच पहिल्या क्रमांकावर आला.

मान्यागो मात्र हलले नाहीत. मिश्र शाळा नको, मोजणी सोडायची नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. त्यांची बाजू मला समजते. ज्याने लहानपणी आपल्या भाषेची शाळा बंद होताना पाहिली, त्याला 'मिश्र' या शब्दाच्या आड मोठी भाषा लहान भाषेला गिळते आहे असे दिसणारच. आपल्या घरांतही बघा, दोन भाषांतली जी भाषा शाळेत नसते ती तिसऱ्या पिढीला आजीशी बोलण्यापुरती उरते. पण मग मान्यागो स्वतः कोण होते? रोवेरेतोचे वडील, फोरार्लबर्गची आई, बोलोन्याची पदवी. दोन्ही भाषा हाडीमासी नसत्या तर ते 137 कलमे मिळवू शकले असते असे मला वाटत नाही. अशा घरातल्या माणसाने अशा घरांसाठी चौथा रकाना ठेवला नाही, ही माझ्या मते त्यांच्या कामातली उणीव. 1972 पर्यंत भिंत बांधणे गरजेचे होते. 1981 मध्ये तीत एक दार ठेवता आले असते.

दार अगदीच ठेवले गेले नाही असेही नाही, पण ते उशिरा आणि किलकिले. 1991 पासून 'इतर' असे लिहिता येऊ लागले, मात्र हक्कांसाठी तीनपैकी एका गटाशी स्वतःला जोडून घ्यावेच लागते. पुढे 2005 मधल्या बदलाने ही घोषणा बंद पाकिटात घालून न्यायालयात ठेवण्याची पद्धत आली. गरज पडेल तेव्हाच ते पाकीट उघडायचे. 2011 च्या गणनेत जर्मन 69.4, इटालियन 26.1 आणि लादिन 4.5 टक्के होते.

लादिन लोकांकडे वळायचे राहिले होते. संख्या एवढीशी, आणि दोन मोठ्या भाषांच्या मध्ये सापडलेले. त्यांच्या खोऱ्यांतल्या शाळांत 1948 पासून वेगळीच रीत आहे: निम्मे विषय जर्मनमधून, निम्मे इटालियनमधून आणि जोडीला लादिन. म्हणजे जी मिश्र शाळा जर्मनांना धोक्याची वाटली ती शेजारच्या खोऱ्यात निमूट चालू होती. तिथली मुले सहज तीन भाषा बोलतात.

मान्यागो 1989 मध्ये प्रांताच्या प्रमुखपदावरून आणि 1991 मध्ये पक्षाध्यक्षपदावरून बाजूला झाले. दोन्ही वेळा स्वतःहून, पुढच्याच्या हाती किल्ल्या देऊन. जून 1992 मध्ये ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रसंघाला कळवले की वाद मिटला. प्रांत आज इटलीतल्या सर्वांत सुस्थितीतल्या प्रांतांपैकी आहे. सिगमुंड्सक्रोनच्या त्या पडक्या किल्ल्यात 2006 पासून गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नर यांचे पर्वतांविषयीचे संग्रहालय आहे. मेस्नरही त्याच प्रांताचे. 25 मे 2010 रोजी मान्यागो बोल्झानोत वारले, वयाच्या 96 व्या वर्षी. प्रांताच्या विधिमंडळासमोरच्या चौकाला आता त्यांचे नाव आहे, आणि पाटीवर ते दोन्ही भाषांत लिहिले आहे.